सड्यावरचा वर्ग

परबबाई चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. राग जितका मोठा, तितका आवाज बारीक. एखादं पोर भिंतीवर कोळशाने रेघोट्या ओढताना सापडलं, की बाई त्याच्याजवळ जात आणि इतक्या हळू बोलत की ते ऐकायला मागच्या रांगेतली मुलंसुद्धा श्वास धरून पुढे झुकत. मी त्या शाळेत रुजू झालो तेव्हा अगदी कोवळा होतो, आणि शिकवणं म्हणजे ओरडणं अशी माझी पक्की समजूत होती. पहिल्याच दिवशी मधल्या सुटीत बाई माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुजो आवाज म्हज्या वर्गात येता."

"माफ करा बाई. पण मुलं ऐकतच नाहीत."

"कशीं आयकतलीं? आयकूंक तुवें जागाच दवरूंक नाय." मग जाता जाता मागे वळून म्हणाल्या, "आरडूंक डुकरांकय येता. माणसान उलोवचें."

ओरडणं डुकराचं, बोलणं माणसाचं, एवढं सांगून त्या गेल्या. मी दिवसभर धुमसत होतो. आठवडाभराने माझा आवाज निम्मा झाला होता, आणि मुलं ऐकत होती.

आमची शाळा म्हणजे सरकारी मराठी प्राथमिक शाळा. डिचोली तालुक्यात, मयेच्या तळ्याच्या वरच्या अंगाला डोंगर आहे, त्याच्या उतारावर. दोन खोल्या, पुढे लांब पडवी, वर मंगळुरी कौलं. शाळेच्या मागून पायवाट चढत सड्यावर जाते. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं पठार. पावसात तिथे गवत आणि फुलं, उरलेलं वर्ष गुरं आणि वारा. चार इयत्ता आणि शिक्षक दोनच: बाई आणि मी. बाई मूळच्या पेडण्याच्या, धारगळच्या. गावात एका घराची मागची खोली भाड्याने घेऊन राहत. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची छाती गावात कुणाला झाली नाही. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराची घंटा वाजली की दोन उंडे घ्यायचे, काळ्या चहात बुडवून खायचे आणि शाळेच्या वेळेआधीच पडवीत येऊन मुलांची वाट बघायची, हा त्यांचा नेम.

पहिलीची मुलं घरची बोली घेऊनच शाळेत येत. पाणी हवं असलं की "बाई, माका उदक जाय," म्हणत. बाई त्यांच्याशी त्याच बोलीत बोलायच्या. मग हळूहळू, एकेक शब्द बदलत, कुणाला कळणारही नाही अशा बेताने त्यांना मराठीच्या पुस्तकापर्यंत आणून सोडायच्या. भाषेचं आंदोलन पेटलं होतं त्या दिवसांत दोन्ही बाजूंची माणसं त्यांच्याकडे येऊन गेली होती, असं मी ऐकलं होतं. कोकणी की मराठी, एकदाचं काय ते सांगा, असा दोघांचाही आग्रह. बाईंनी दोघांनाही एकच उत्तर दिलं होतं: "एक म्हजी आवय, दुसरी आजी. दोघांतल्या एकीक घराभायर काडूंक मी तुमका मेळची नाय." दोन्ही बाजू रागावून गेल्या. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. लोक रागावले म्हणून त्या कधी घाबरल्या नाहीत, आणि लोक खूश झाले म्हणून कधी पाघळल्याही नाहीत.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून तेव्हा काहीच वर्षं झाली होती. सगळीकडे नव्याचा उत्साह. जो तो गावात काहीतरी आणायच्या गोष्टी करायचा: रस्ता, नळ, कारखाना, हॉटेल. आमच्या गावात हेलिकॉप्टर आलं.

एका खाजगी कंपनीने सडा भाड्याने घेतला. कातळावर चुन्याचं मोठं पांढरं वर्तुळ काढलं, बाजूला एक पत्र्याची शेड उभी केली. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतले पाहुणे बसमधून यायचे, हेलिकॉप्टरमधून दहा-पंधरा मिनिटं डोंगर, तळं, नदी बघायचे आणि परत जायचे. पहिल्या दिवशी सगळा गाव सड्यावर लोटला होता. खोटं कशाला सांगू, आम्हीही शाळा रांगेत घेऊन गेलो होतो. हेलिकॉप्टर उठलं तेव्हा बाई दोन्ही हातांनी पदर धरून लहान पोरीसारख्या हसत होत्या. "बघा रे, वाऱ्याचो गाडो!" असं त्यांनी मुलांना सांगितलेलं मला आठवतं. त्या पहिल्यापासूनच विरोधात होत्या, जुन्या वळणाच्या होत्या, त्यांना प्रगती बघवत नव्हती, असं पुढे ज्यांनी ज्यांनी पसरवलं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो आहे.

आठवड्याभरात नवल संपलं आणि आवाज उरला.

हेलिकॉप्टरचा आवाज लांबून ऐकणं वेगळं आणि डोक्यावर ऐकणं वेगळं. तो कानात शिरत नाही, छातीत शिरतो. आधी खिडक्यांच्या काचा थरथरत, मग कौलं एकमेकांवर घासल्याचा आवाज येई, मग फळ्यावर लिहिणारा हात आपोआप थांबे. तळं नीट दिसावं म्हणून ते यंत्र शाळेवरूनच गिरकी घ्यायचं, आणि तीही अगदी खालून. नाताळाच्या सुमारास पाहुण्यांची गर्दी वाढली तसा एक फेरी संपते न संपते तोच दुसरी सुरू होऊ लागली. बाई शब्दाच्या मध्येच थांबत. हात तसाच वर धरून उभ्या राहत. आवाज डोंगरापलीकडे गेला की राहिलेलं वाक्य पुरं करत. पण पहिलीच्या मुलांना कुठलं आठवतंय वाक्याचं पहिलं टोक? त्यांच्या डोळ्यांत नुसता गोंधळ दिसायचा.

गुरं सड्यावर जायची बंद झाली. उतारावर काजू गोळा करणाऱ्या बायका म्हणायच्या, डोकं उठतं, दुपारी घरी येऊन पडावं लागतं. डोंगरातली पाखरं कुठे गेली कोण जाणे. पण बाईंना खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "मास्तर, भुरगीं बोवाळ करूंक लागलीं. आयकलंय तू?" मी कान दिला. पडवीत डबे खाणारी मुलं, शेजारी शेजारी बसलेली, एकमेकांशी किंचाळून बोलत होती. तेव्हा डोक्यावर काहीच नव्हतं. सगळं शांत होतं. तरी ती किंचाळत होती.

"इतक्या वर्सांनी घडयलेलें ह्या लोकांनी तीन म्हयन्यांत मोडलें," बाई म्हणाल्या. इतक्या हळू, की मला पुढे झुकावं लागलं.

बाई एकट्याच मॅनेजरला भेटायला शेडवर गेल्या. मॅनेजर तरुण, इस्त्रीच्या शर्टातला, वागायला गोड. त्याने बाईंना खुर्ची दिली, थंड पेय दिलं आणि आवाजाचं राहू द्या, आधी तुम्ही एकदा बसून तर बघा, पैसे नकोत, असं म्हणाला. सोबत मास्तरांनाही आणा म्हणाला. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, त्या त्याच्या अंगावर गेल्या असतील. पण त्या म्हणाल्या होत्या, "बरें. बघल्याबगर रागावप बरें न्हय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. आत बसल्यावर एका माणसाने आमच्या डोक्यावर कान झाकणारी जाड टोपणं चढवली. आणि चमत्कार झाला. आवाज गेला. दूरच्या गिरणीसारखी नुसती घरघर उरली. खाली तळं हिरव्या काचेसारखं दिसलं, शिरगावच्या बाजूला खाणींचे लाल खड्डे दिसले, आमची शाळा काड्यापेटीएवढी दिसली. सुंदर होतं. ते सुंदर नव्हतं असं मी म्हणणार नाही. खाली उतरल्यावर मॅनेजर हसत पुढे आला. "कसं वाटलं, टीचर?"

बाईंनी हातातलं टोपण त्याच्यासमोर धरलं. "हें कित्याक?"

"आवाज लागतो ना, कानाला त्रास होतो," तो सहज बोलून गेला.

"म्हणजे तुमका खबर आसा."

टोपण त्याच्या हातात ठेवून बाई वाट उतरायला लागल्या. अर्ध्या वाटेवर थांबून मला म्हणाल्या, "आवाज करतल्याच्या कानार गादी, आनी आयकतल्याच्या कानार कितें? फातर?" त्या दिवसापासून बाई थांबल्या नाहीत.

ग्रामसभेत त्यांनी विषय काढला. सरपंच गावातलेच, लाकडाचा व्यापार करणारे, मोठ्या पोटाचे, बोलायला गोड. सडा भाड्याने देण्यात त्यांचाच पुढाकार. ते हसून म्हणाले, "बाई, जत्रेक ढोल वाजतत, तेन्ना तुमी कांय म्हणनात. लोकांक त्याचो तरास जायना, आनी ह्याचो जाता?"

सभा हसली. बाई उभ्या राहिल्या.

"ढोल देवीचो. वर्साक एकदां. आनी ढोल वाजयतल्याक मी नांवान वळखतंय. म्हज्या घरांत कोण आजारी आसलो, तर वचून त्याका सांगूंक येता, बाबा, मात्शें राव. तो रावता." मग त्यांनी छपराकडे बोट केलं. "वयर बसलेल्याक मी खंय वचून सांगूं? त्याका तर म्हजो आवाजच पावना."

सभा गप्प झाली. पण गप्प झाली म्हणजे बाजूने झाली असं नाही. कंपनीने गावातल्या चार पोरांना रखवालदाराची नोकरी दिली होती. आणखी काहींना मिळणार होती. सरपंच म्हणाले, विचार करू. विचार करू म्हणजे काय ते गोव्यातलं शेंबडं पोरही जाणतं.

मग फेब्रुवारीत ते घडलं.

सड्यावर कंपनीचं एक विश्रामगृह बांधलं जात होतं. कंत्राटदाराने कामाला बेळगावकडची माणसं आणली होती. झोपड्या सड्याच्या कडेला. त्यांतला यल्लाप्पा म्हणून एक गवंडी होता, त्याची मुलगी रेणुका आमच्याकडे दुसरीत होती. हुशार पोर. घरी कन्नड, झोपड्यांत बेळगावी मराठी, शाळेत आमची बोली, पुस्तकात पुस्तकाची मराठी. चारही तिला येत. बाई म्हणायच्या, "ह्या चेडवाच्या तोंडात चार चेडवां रावतत." रेणुका हसायची आणि चारही बोलून दाखवायची.

त्या दिवशी मधली सुटी होती. मुली पडवीत बसून खात होत्या. हेलिकॉप्टर आलं, नेहमीपेक्षाही खालून. वाऱ्याच्या झोताने अंगणातली धूळ उठली, फणसाची पानं जमिनीवर लोळली, आणि महिनोन्महिने घासून घासून सैल झालेली कौलं घसरली. पडवीच्या कडेची तीन-चार एकदम खाली आली. बाकीच्या मुली उठून पळाल्या होत्या. रेणुका डबा उचलायला वाकली होती. कौल तिच्या खांद्यावर पडलं.

मी धावलो तेव्हा बाई तिच्याजवळ पोचल्या होत्या. त्यांनी तिला मांडीवर घेतलं होतं. पोरगी किंचाळत होती हे तिच्या तोंडावरून कळत होतं, कारण आवाज ऐकूच येत नव्हता. ते यंत्र आमच्या डोक्यावरच होतं. वरून कुणीतरी पाहुणा हात हलवत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला वाटलं असेल, खाली शाळा आहे, मुलं आपल्याला बघायला पळताहेत.

डिचोलीच्या दवाखान्यात नेलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. यल्लाप्पा कामावरून तसाच सिमेंटच्या हातांनी धावत आला. दवाखान्याच्या पायरीवर बसून त्याने डोकं धरलं. बाई त्याला म्हणाल्या, "पोलिसांक सांगया. मी येतंय तुज्यावांगडा."

तो म्हणाला, "नको वो बाई. मुकादम येऊन सांगून गेलाय. तोंड उघडलंस तर गाठोडं बांध म्हनला. आमी कुठं जायाचं?"

बाईंनी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. त्या स्वतःच गेल्या, मला घेऊन. चौकीवर लिहून घेतलं. चौकशी होईल म्हणाले. चौकशी झाली. पंचायतीचा एक माणूस आणि कंपनीचा एक माणूस शाळेत आले, वर बघितलं, खाली बघितलं, पडवीत बसून चहा प्याले. आम्हाला एक शब्द विचारला नाही. मुलांना विचारलं नाही. पंधरवड्याने निष्कर्ष आला: शाळेच्या छपरावर माकडांचा उपद्रव आहे, माकडांच्या उड्यांमुळे कौलं निसटली.

माकडं!

माकडं आमच्याकडे येत होती, खरं आहे. पण हेलिकॉप्टर आल्यापासून एक माकड त्या डोंगरात फिरकलं नव्हतं. पळून जायची अक्कल तेवढी त्यांना होती. आणि यावर कळस म्हणजे, पंचायतीने तत्परतेने माणसं पाठवून शाळेच्या छपरावर माकडांसाठी तारेची जाळी ठोकली. सरपंच स्वतः उभे राहून काम करून घेत होते. "मुलांच्या सुरक्षेत आम्ही हयगय करणार नाही," असं मला म्हणाले. यल्लाप्पाने तोंड उघडलं नव्हतं, तरी त्या महिन्यातच त्याला कामावरून काढलं. खांदा बांधलेल्या रेणुकाला घेऊन ते कुटुंब ट्रकमधून गेलं. कुठे गेलं, ते आम्हाला कळलं नाही. बाईंनी बेळगावला माणसं पाठवून चौकशी केली. पत्ता लागला नाही. तो हात पुढे वर उठला की नाही, मला आजही माहीत नाही.

जाळी ठोकून झाली त्या दिवशी बाई शाळा सुटल्यावर मला म्हणाल्या, "मास्तर, फाल्यां भुरग्यांक सुटी."

"उद्या कसली सुटी, बाई?"

"भुरग्यांचें शिकप बंद पडलें. आतां आवय-बापायक शिकोवंया."

त्या संध्याकाळी त्या घरोघरी गेल्या. मी सोबत होतो. प्रत्येक घरी एकच वाक्य: "फाल्यां शाळा सड्यार. भुरगीं घरा. तुमी येवचें." कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "तुजें भुरगें त्या पडवीत बसता न्हय?" बस्स. मुलांना मात्र सड्यावर पाऊल टाकायची सक्त मनाई. "म्हज्या भुरग्यांक मी कोणाचेय आड ढाल करची नाय," असं त्यांनी मला आधीच बजावलं होतं.

सकाळी बाई शाळेची पितळी घंटा घेऊन सड्यावर चढल्या. पांढऱ्या वर्तुळाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि घंटा वाजवली. मला वाटत होतं, पाच-सात जण येतील. वाट चढून बायका येऊ लागल्या. काजूच्या बागेतल्या, भाजी विकणाऱ्या, डोक्याला फडका बांधलेल्या. मग पुरुष आले, खाणीवर ट्रक चालवणारे, शेतावरचे, एक-दोन दुकानदारही. बाईंनी त्यांना इयत्तेसारखं रांगेत बसवलं, मध्ये पांढरा चुना, वर ऊन. हजेरी घेतली. एक ट्रकवाला उशिरा आला, त्याला उभं केलं. चाळिशीचा माणूस, मान खाली घालून उभा राहिला. कंपनीच्या रखवालीला ठेवलेली आमची चार पोरं शेडजवळ उभी होती. त्यांच्या आयाच पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पोरं कुणाला हटकणार?

आणि बाई शिकवू लागल्या. तिसरीच्या पुस्तकातला तोच धडा, जो नाताळापासून पुरा होत नव्हता. नेहमीच्याच हळू आवाजात. सगळा सडा कान देऊन ऐकत होता.

हेलिकॉप्टर आलं. आधी लांब ठिपका, मग तो छातीत शिरणारा आवाज. खाली माणसं बघून ते वर घिरट्या घालू लागलं, पुन्हा पुन्हा खाली येऊन बघू लागलं. चुना आणि धूळ उडाली. बायकांनी पदर डोक्यावरून तोंडावर ओढले, एकमेकींना धरून बसल्या. एकजण उठायला लागला. बाईंनी हात वर केला आणि तो बसला. त्या उभ्याच होत्या, साडी अंगाला गुंडाळली गेलेली, डोळे मिटलेले, बोट पुस्तकातल्या ओळीवर. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी ते वळलं आणि किनाऱ्याच्या दिशेने गेलं. बाईंनी डोळे उघडले, तोंडावरची धूळ पुसली आणि राहिलेला शब्द पुरा केला.

माझ्या आयुष्यात मी कुणाचा इतका अभिमान बाळगला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्ग. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. अधिकारी म्हणाला, "हा बेकायदा जमाव आहे. उठा सगळे."

बाई म्हणाल्या, "हो जमाव न्हय, वर्ग. तुमका बसपाचें जाल्यार फाटल्यान जागा आसा."

मागच्या बायका खुदकन हसल्या, आणि अधिकाऱ्याचा चेहरा लाल झाला. पण काठी उगारायची कुणावर? गावातल्या आयांवर? तो सरपंचांकडे गेला, सरपंच मॅनेजरकडे गेले. वर्ग चालूच राहिला. पाहुण्यांच्या बसेस येत, वाट बघून परत जात. मोसम संपत आला होता. शेवटी कंपनीने शेड उचलली आणि किनाऱ्याच्या बाजूला कुठेतरी जागा घेतली. सड्यावर पुन्हा गुरं दिसू लागली. गावाने बाईंना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि बाईंची बदली झाली. राज्याच्या पार दक्षिणेच्या टोकाला, जिथे पोचायला तीन बसेस बदलाव्या लागत.

मी घरोघरी गेलो. जी माणसं चुन्याच्या वर्तुळात धूळ खात बसली होती, त्यांना म्हटलं, चला, शिक्षण खात्याच्या कचेरीपुढे बसू. एक म्हणाला, शेतात भाताची लावणी आहे. दुसरा म्हणाला, सरकारी नोकरी म्हटल्यावर बदली व्हायचीच. तिसऱ्याने खरं ते सांगितलं: सरपंचांनी वाड्यावर नळ आणायचं कबूल केलं आहे, आता त्यांना दुखवून कसं चालेल? हेलिकॉप्टर गेलं होतं. बाईंचं काम संपलं होतं. शेवटी दोन आया आणि मी, असे तिघे पणजीला गेलो, बाकावर दिवसभर बसलो आणि परत आलो.

सड्यावरच्या वर्गातल्या आयांनी निरोपाचा कार्यक्रम ठरवला. शाल, नारळ, फुलं. अध्यक्ष सरपंच! मी बाईंना सांगायला गेलो तेव्हा त्या ट्रंक भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तेंका सांग, माका नारळ नाका. धाडपी तुमीच, आनी नारळ दिवपीय तुमीच?" मग ट्रंकेचं झाकण लावत, "मास्तर, लोक वायट न्हय. लोकांक रागाची सवय नाय. राग एक दीस येता, मागीर तेंका भूक लागता." सकाळच्या पहिल्या बसने त्या गेल्या. पोहोचवायला मी आणि मुलं होतो. मुलांना त्यांनी रडू दिलं नाही. "रडनाकात. धडो चवथो वाचून दवरात," एवढंच.

निवृत्तीनंतर त्या धारगळला परतल्या. मी अधूनमधून जायचो. त्यांच्या घरासमोरचा हमरस्ता रुंद झाला होता, ट्रक घरात शिरतात की काय असं वाटे. त्याच्याविरुद्ध त्यांचं चालूच होतं: आज हा अर्ज, उद्या तो मोर्चा. मी एकदा म्हटलं, "बाई, आता तरी विसावा घ्या." त्या पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "कित्याक? तेणीं विसावो घेतलो काय?"

गेल्या वर्षी बाई गेल्या. झोपेत, त्रास न होता.

आमच्या गावात शोकसभा ठेवली. त्याच शाळेत. छपरावर ती माकडांची जाळी अजून आहे, गंजून लाल झालेली. बोलायला माजी सरपंच उभे राहिले. आता म्हातारे, काठी टेकणारे, गावात मानाचे. बाई आमच्या गावच्या भूषण होत्या, म्हणाले. त्यांना शांतता फार प्रिय होती, म्हणाले. आपल्या प्रयत्नांनी हेलिकॉप्टरचा प्रश्न सुटला, असंही म्हणाले. "आपल्या" म्हणाले. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "त्यांच्या आत्म्यासाठी आपण दोन मिनिटं शांत उभे राहूया."

सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. मी उभा राहिलो, पण मान खाली घालवेना. एक अख्खा धडा ज्याने शांततेत शिकवू दिला नाही, तो आज बाईंच्या नावाने शांतता मागत होता, आणि गाव ती देत होता.

मी बोललो. ओरडलो नाही. "दुसरीत रेणुका म्हणून मुलगी होती," मी म्हटलं. "यल्लाप्पा गवंड्याची. ह्या पडवीत बसली होती. वरून हेलिकॉप्टर गेलं. कौल पडलं, तिचा खांदा मोडला."

"मास्तर, शांतता चालू आसा," कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

"कौल माकडानं पाडलं नव्हतं," मी म्हटलं. "हे इथे कुणी कधी बोललं नाही. बाई बोलल्या, त्यांना घालवलं. म्हणून मी सांगतो. माकडानं पाडलं नव्हतं."

माजी सरपंच माझ्याकडे बघत राहिले. खाली गेलेल्या माना एकेक करून वर आल्या होत्या, आणि सगळे सरपंचांकडे बघत होते.